सॅम्पल रोज घेतात

२०१८ चा ऑक्टोबर महिना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा सकाळी साडेआठला फोन आला. सकाळचं संकलन उरकायच्या वेळेला ते कधी फोन करत नसत.

"एक मावशी येऊन बसल्यात," ते म्हणाले. "माझं बिल दुसऱ्याला कसं कळलं ते सांगा, त्याशिवाय उठत नाही म्हणतात. काय सांगू?"

"अण्णा, असं होणारच नाही," मी म्हणालो. "आपलं सगळं एचटीटीपीएसवर आहे, मधे कोणी वाचू शकत नाही. त्यांनीच कोणाला तरी मोबाइल दाखवला असेल."

हे बोलताना मी संगणक उघडलाही नव्हता. मी तीन वाक्यं बोललो आणि तिन्ही चुकीची होती. पहिलं चुकीचं आहे हे त्याच दुपारी कळलं, दुसऱ्याला आणखी एक दिवस लागला. तिसऱ्याची लाज अजून जात नाही. मावशींना विचारून हे लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असं काही इथे नाही, आणि माझ्याकडून जे झालं त्यातलं काही गाळलेलं नाही.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो. गावोगावच्या दूध संस्थांसाठी मी आणि माझा एक सहकारी सॉफ्टवेअर लिहीत होतो. संकलन केंद्रावर एक संगणक, त्याला वजनकाटा आणि दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) काढणारं यंत्र जोडलेलं. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घालतात, त्याची नोंद केंद्रावरून आमच्या सर्व्हरवर येते, आणि घरबसल्या मोबाइलवर दिसते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. लिटर, फॅट, दर आणि रक्कम वर असते. खाली कपाती असतात: पशुखाद्याचे किती, उचल किती घेतली, म्हशीच्या कर्जाचा हप्ता किती. शेवटी बँकेचा खाते क्रमांक.

शहरात बसून पाहिलं तर ही एक पावती. गावात ती घराची आतली खोली आहे. कोणाची म्हैस आटली, कोण उचलीवर चाललंय, कोणाच्या हातात चार पैसे शिल्लक आहेत, हे सगळं त्या एका पानावर वाचता येतं. या मावशींचं खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. दोन म्हशींच्या दुधातून त्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे बाजूला टाकत होत्या, आणि घरात कोणाला त्याचा आकडा माहीत नव्हता. विहिरीच्या खर्चाचा वाटा मागायला दीर आला, तेव्हा त्याने त्यांना मागच्या तीन बिलांची रक्कम रुपयांसकट ऐकवली. म्हणून त्या संस्थेत येऊन बसल्या होत्या.

मला इतकी खात्री कशामुळे होती, याचं उत्तर चार वर्षं मागे जातं.

७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड जाहीर झालं. जगातल्या असंख्य सर्व्हरांवर ज्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या जोरावर ब्राउझरच्या पट्टीत कुलपाची खूण दिसते, त्याच्याच १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत भोक होतं. मी तेव्हा दुसरीकडे नोकरीला होतो. त्या रात्री मी बसून सगळे सर्व्हर तपासले, १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती चढवली, नव्या किल्ल्या तयार केल्या, जुनी प्रमाणपत्रं रद्द करून नवी घेतली, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. काम चोख झालं होतं. त्या रात्रीनंतर सुरक्षा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एचटीटीपीएसमागचं टीएलएस येऊ लागलं: प्रमाणपत्र, किल्ली, कुलूप. ते नीट असलं की आपण नीट, अशी माझी समजूत बसली.

पण हार्टब्लीड नेमकं काय होतं, यावर मी पाच मिनिटंही विचार केला नव्हता. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक बाजू दुसरीला छोटा मजकूर पाठवते आणि दुसरी तो जसाच्या तसा परत करते. मजकुरासोबत त्याची लांबीही सांगायची असते. चूक अशी की सर्व्हर ती सांगितलेली लांबी खरी धरून चालत होता. मजकूर चार अक्षरांचा पाठवून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर सर्व्हर आपल्या स्मरणातलं शेजारचं काहीही भरून तेवढं परत देत असे. त्यात पासवर्ड असू शकत, खुद्द गुप्त किल्लीही असू शकत असे. समोरच्याने एक आकडा सांगितला आणि सर्व्हरने तो तपासला नाही, एवढीच ती गोष्ट होती. मी दुरुस्ती चढवली, धडा तसाच राहिला. चार वर्षांनी माझ्या स्वतःच्या कोडमध्ये तीच चूक निघाली, आणि ती शोधायला कोणा संशोधकाची गरज पडली नाही. दिराच्या मुलाला, म्हणजे मावशींच्या पुतण्याला, ती सहज सापडली.

फोन आला त्या दुपारी मी त्या पुतण्याच्या जागी बसून पाहिलं. आपला मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, आत जायचं. आत गेलं की सर्व्हर एक टोकन देतो, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ते टोकन जातं. एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते. प्रत्येक विनंती त्याच्या दृष्टीने नवीच असते, म्हणून प्रत्येक वेळी ओळख सोबत न्यावी लागते. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण बिलाच्या पानाच्या पत्त्यात शेवटी सभासद क्रमांक होता. मी चाचणीच्या खात्यातून आत गेलो आणि तो २१४ चा २१५ केला. दुसऱ्याचं बिल उघडलं. २१६ केला, तेही उघडलं. त्याच्या पुढचा क्रमांक मी टाकला नाही.

सर्व्हर टोकन तपासत होता. टोकन खरं आहे, मुदतीत आहे, आपणच दिलेलं आहे, इतकं पाहून तो समाधानी होत होता. हे टोकन ज्या सभासदाचं, त्याचंच हे बिल आहे का, हा प्रश्न कोडमध्ये कुठेच नव्हता. मी तो लिहायला विसरलो असंही म्हणता येत नाही. तो मला सुचलाच नव्हता. ॲपमध्ये सभासदाला फक्त स्वतःच्या बिलाचं बटण दिसतं, म्हणजे तो दुसऱ्याचं मागणारच नाही, हे मी गृहीत धरलं होतं. बटण मी बनवलेलं होतं, पण विनंती पाठवणारा माझ्या बटणाला बांधलेला नसतो. एपीआय, म्हणजे ॲप जिथून सर्व्हरकडे मागतं ती वाट, हे उघडं दार आहे आणि तिथे कोणीही, काहीही, कोणत्याही क्रमाने मागू शकतं.

एचटीटीपीमध्ये या दोन गोष्टींना वेगवेगळी उत्तरं आहेत. ४०१ म्हणजे तू कोण ते आधी सांग. ४०३ म्हणजे तू कोण ते कळलं, पण हे तुला मिळणार नाही. हे आकडे मला कॉलेजपासून पाठ होते. त्या दिवशी मी लॉग चाळले तेव्हा ४०१ शेकड्यांनी सापडले. ४०३ एकही नव्हता. सर्व्हर चालू होऊन दोन वर्षं झाली होती, आणि मी लिहिलेल्या कोडमध्ये ४०३ देणारी एकही ओळ नव्हती. हा आकडा कधी दिसत नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, असं मी मानत आलो होतो.

आता जे सांगायचं ते जास्त अवघड आहे.

मी लगेच दुरुस्ती केली, पण ती दुरुस्ती नव्हती. पत्त्यातला सभासद क्रमांक मी काढला आणि विनंतीच्या पोटात ठेवला, म्हणजे वरच्या पट्टीत तो दिसणार नाही. चाळीस मिनिटांचं काम. मग अण्णांना फोन केला: "छोटी तांत्रिक अडचण होती, काढली." अण्णांनी विश्वास ठेवला. माझा जीव हलका झाला.

संध्याकाळी सहकाऱ्याला हे सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर्व्हर अजूनही कोणालाही कोणाचंही बिल देतोच ना?" ब्राउझर बाजूला ठेवून त्याने आज्ञावलीतून थेट विनंती पाठवली. टोकन एका सभासदाचं आणि क्रमांक दुसऱ्याचा. बिल आलं. मी दार तसंच उघडं ठेवून त्यावर पडदा लावला होता. ब्राउझरमधली विनंती तपासायची खिडकी ज्याला उघडता येते, त्याला तो क्रमांक तिथेही दिसला असता आणि बदलताही आला असता.

मला तेव्हा सुचलेला दुसरा उपायही सांगतो, कारण तो बरेच जण करतात. सरळ चढत जाणारे क्रमांक काढून त्या जागी लांबलचक, अंदाज न करता येणाऱ्या खुणा द्यायच्या. त्याने अंदाज बांधणं अवघड होतं हे खरं. पण ती खूण पावतीवर छापली जाते, मेसेजमध्ये पुढे जाते, लॉगमध्ये राहते. ज्याच्या हाती ती पडेल त्याला बिल मिळेलच. मूळ प्रश्न विचारायचा राहून जातो. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या व्यवहारांत विमा देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं उघडी असल्याचं बाहेर आलं. तिथेही पत्त्यातला आकडा बदलला की पुढचं कागदपत्र उघडत होतं. ती बातमी वाचली तेव्हा मी माझा २१५ पुन्हा पाहिला. आकार किती वेगळा, आणि चूक तीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं की सगळा कोड पहिल्या ओळीपासून वाचायचा. त्यात माझं दुसरं वाक्यही पडलं.

टीएलएस दोन कामं करतं. एक, मधल्या कोणाला बोलणं वाचता किंवा बदलता येत नाही. दोन, समोरचा सर्व्हर तोच आहे याची खात्री. दुसरं काम प्रमाणपत्रावर चालतं. ते विश्वासू संस्थेने दिलंय का, त्यावर नाव बरोबर आहे का, आणि आजची तारीख त्याच्या मुदतीत बसते का, हे तीन प्रश्न विचारले जातात. हे दुसरं काम सोडलं तर पहिल्याला अर्थ राहत नाही, कारण आपण भक्कम कुलूप लावून भलत्याच माणसाशी बोलत असू शकतो.

२०१६ मध्ये एका संकलन केंद्रावरून नोंदी येणं अचानक बंद झालं होतं. पडद्यावर प्रमाणपत्राची चूक दिसत होती. पहाटे साडेपाचला केंद्र उघडतं, बाहेर किटल्या घेऊन माणसं उभी, आणि केंद्रावरचा मुलगा फोनवर घायकुतीला आलेला. मी दूरवरूनच त्या संगणकात शिरलो आणि प्रमाणपत्र तपासायची सोय बंद करून टाकली. कोडमध्ये एका ओळीत ट्रूच्या जागी फॉल्स. नोंदी सुरू झाल्या. मुलाने आभार मानले. पुढच्या आवृत्तीत ती ओळ तशीच राहिली आणि सगळ्या केंद्रांवर गेली.

मूळ कारण मी दोन वर्षांनी, तो कोड वाचताना शोधलं. त्या संगणकाच्या बोर्डवरचा सेल संपला होता. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. त्या जुन्या तारखेला आमचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नव्हतं, म्हणून संगणक ते नाकारत होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. तीस-चाळीस रुपयांचा एक सेल बदलायचा होता. तो न बदलता मी चाळीसएक गावांची खात्री काढून टाकली. ते केंद्र शेजारच्या मोबाइल दुकानाच्या वायफायवर चालत होतं. त्या राउटरवर ज्याचा ताबा, त्याला आमचा सर्व्हर असल्याचं सोंग घेता आलं असतं. केंद्राचा पासवर्ड घेता आला असता, ६.८ लागलेली फॅट ६.२ करून पुढे पाठवता आली असती, आणि उत्पादकाचे पैसे कमी झाले असते.

असं झालं का, हे पाहायला मी त्या केंद्रावरच्या वह्या मागवल्या. केंद्रावरचा मुलगा सगळं यंत्रावर होत असूनही हाताने वही लिहायचा. तीन महिन्यांची एकेक ओळ सर्व्हरशी ताडून पाहिली. फरक निघाला नाही. त्याचं श्रेय माझ्याकडे येत नाही.

२०१२ मध्ये टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी ब्राउझरच्या बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्रं कशी तपासली जातात याचा अभ्यास केला, आणि त्याला जगातला सर्वांत धोकादायक कोड असं नाव दिलं. त्यांनी दाखवलेल्या कित्येक चुका गैरसमजातून झालेल्या होत्या. कर्ल या लोकप्रिय साधनात नाव तपासण्याच्या सोयीला २ हा आकडा द्यावा लागे. प्रोग्रामर तिथे ट्रू लिहीत, त्याचा अर्थ १ होई, आणि तपासणी गळून पडे. त्यांना वाटत होतं की तपासणी चालू आहे. मला माहीत होतं की ती बंद आहे. मी ती स्वतःच्या हाताने बंद केली होती, कारण ती माझ्या वाटेत आली होती.

बाकीच्या दोन चुका थोडक्यात सांगतो. ओटीपी मी चार आकडी ठेवला होता, वयस्कर माणसांना सहा आकडे टाकणं जड जाईल म्हणून. मुदत तीस मिनिटांची ठेवली होती, कारण डोंगराकडच्या गावांत रेंज नसते आणि मेसेज उशिरा पोचतो. दोन्ही निर्णय माणसांचा विचार करून घेतले होते. पण चुकीचा ओटीपी किती वेळा टाकता येईल, याला मर्यादा घातलेली नव्हती. चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता. सेकंदाला दहा प्रयत्न केले तर एक हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांत सगळ्या संपतात. मुदतीत तेरा मिनिटं उरतात. आता सहा आकडे आहेत आणि पाच प्रयत्न. ओटीपी पाच प्रयत्नांत लागण्याची शक्यता दोन लाखांत एक. आजोबांना सहा आकडे टाकायला काही अडचण आली नाही. ती मीच ठरवून टाकली होती.

चौथी चूक टोकनची. ते मी पत्त्यातूनच पाठवत होतो, कारण तसं करणं सोपं होतं. वाटेत पत्त्याचा तो भाग टीएलएसमध्ये झाकलेला असतो हे खरं, पण सर्व्हरवर पोचल्यावर तो पत्ता अख्खा लॉगमध्ये लिहिला जातो. म्हणजे माझ्या लॉगमध्ये शेकडो सभासदांच्या किल्ल्या उघड्या पडलेल्या होत्या, आणि प्रत्येक किल्ली वर्षभर चालणारी होती. एका तक्रारीचा उलगडा करताना त्याच लॉगचा तुकडा मी संस्थांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेलाही सापडला. टोकन पत्त्यातून पाठवू नये, त्यासाठी विनंतीच्या शीर्षभागातली ठरलेली जागा वापरावी, हे २०१२ च्या आरएफसी ६७५० या इंटरनेट मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी तो दस्तऐवज उघडला होता. त्यातलं उदाहरण उचललं आणि त्याखालची सूचना वाचली नाही.

चारही चुका कागदावर एकाखाली एक लिहिल्या तेव्हा त्यांच्यातलं साम्य दिसलं. प्रत्येक ठिकाणी एक तपासणी असायला हवी होती, आणि जिथे ती मला सुचली तिथे मी तिला अडथळा मानलं होतं. एक मी बंद केली, एक सैल सोडली, एक टाळली, आणि एक लिहिलीच नाही. कोणी तज्ज्ञ हल्लेखोर आमच्यावर चालून आला नव्हता. त्याची गरजच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी गावी गेलो. अण्णांना आधी खरं सांगितलं. तांत्रिक अडचण वगैरे काही नव्हती, माझ्या कोडमध्ये भोक होतं, परवा मी तुमच्याशी खोटं बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांच्या घरी जाऊया." त्यांनी एवढंच केलं, पण त्यांच्याशिवाय मी त्या उंबऱ्यात पाऊल टाकू शकलो नसतो.

मावशी गोठ्यात होत्या. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही कोणाला मोबाइल दाखवला नव्हता. चूक माझी आहे. तुमच्या पुतण्याने आकडा बदलला आणि सर्व्हरने त्याला तुमचं बिल दिलं. द्यायला नको होतं."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "आणि कुणी कुणी बघितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं. जागा वाचावी म्हणून मी चौदा दिवसांचेच लॉग ठेवत होतो. त्या चौदा दिवसांत पुतण्याच्या खात्यातून नऊ जणांची बिलं उघडली गेली होती, आणि मावशींचं बिल त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी पाहिलेलं नव्हतं. पण दिराने तीन बिलांचे आकडे सांगितले होते, म्हणजे एक महिन्याचे. चौदा दिवसांच्या मागे काय झालं, ते कायमचं पुसलं गेलं होतं.

"तेवढं मला सांगता येत नाही, मावशी."

"मग तुमच्या मशिनीला काय ठावं असतंय?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं बिल आता कागदावरच द्या. मोबाइलात नको."

उरलेल्या आठ जणांच्याही घरी आम्ही गेलो. काहींना त्याचं काहीच वाटलं नाही. एकाने दारातच उभं ठेवलं आणि ऐकून घेतल्यावर दार लावलं. कोणाला कळवण्याची कायद्याने सक्ती आहे की नाही, हा विचार त्या दिवशी मनात नव्हता. पुढे चित्र बदललं. देशाची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी अशी घटना सहा तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बाधित माणसाला कळवणं हे कर्तव्य ठरवलं. हे नियम वाचताना अनेकांना कागदपत्रांचा नवा बोजा दिसतो. मला १८० हा आकडा वाचून गोठ्यातला तो प्रश्न आठवतो. माझ्याकडे तेवढे दिवस असते, तर मावशींना पूर्ण उत्तर मिळालं असतं.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून संकलन केंद्रावर जाऊन बसलो. दोन वर्षं मी या जागेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो, पण एका बाजूला बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत रांग कधी पाहिली नव्हती. एकेक जण येतो, किटली पुढे करतो, मुलगा सॅम्पल काढतो, यंत्राला लावतो, फॅट सांगतो, मग माप. गाईचं असेल तर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीचं असेल तर ६ आणि ९, या पायावर दर ठरतो. रांगेत संस्थेचे चेअरमन आले. मुलाने वर न पाहताच त्यांच्याही किटलीतून सॅम्पल काढलं. त्यांच्यामागे त्या मुलाचे सख्खे काका होते. त्यांचंही काढलं.

मी विचारलं, "हे तर रोजचेच. यांचंही रोज घ्यावं लागतं?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "म्हस काय रोज तेच दूध देती व्हय?" तो म्हणाला.

त्या रांगेत कोणाचाही अपमान होत नव्हता. वीस वर्षं दूध घालणाऱ्याला हे वाटत नव्हतं की माझ्यावर अविश्वास दाखवला. उलट सॅम्पल न घेता कोणाला आकडा लावला असता, तर रांगेत गलका झाला असता. काल तपासलं होतं म्हणून आज सोडलं, हा विचारच तिथे कोणाच्या डोक्यात येत नाही.

संगणकशास्त्रात हे तत्त्व म्हणून मांडलेलं आहे. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात मांडलेल्या तत्त्वांपैकी एक असं की प्रत्येक वस्तूपर्यंतची प्रत्येक पोच, प्रत्येक वेळी, अधिकार तपासूनच द्यावी. दुसरं असं की मुळात नकार असावा आणि परवानगी कारण असेल तेव्हाच मिळावी. निबंध माझ्या जन्माच्या आधीचा आहे. ती तत्त्वं मी परीक्षेसाठी पाठ केली होती, पण त्यांचा अर्थ मला त्या रांगेत कळला. २०१९ च्या अखेरीस ओवास्प या संस्थेने एपीआयच्या धोक्यांची पहिली यादी काढली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर नेमकी माझी चूक होती: माणूस ओळखला, पण मागितलेली वस्तू त्याची आहे का ते पाहिलं नाही. २०२३ मध्ये यादी पुन्हा निघाली, तेव्हाही पहिला क्रमांक तिचाच होता. याचा अर्थ ही चूक करणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचजण आज कुलपाच्या खुणेकडे पाहून निर्धास्त असतील. त्यांच्यासाठीच हे लिहिलं.

आम्ही कोड पुन्हा लिहिला. आता मालकीची तपासणी एकाच जागी होते, आणि बिल, पावती, उचल, काहीही मागितलं तरी वाट तिथूनच जाते. सभासद क्रमांक विनंतीतून घेतलाच जात नाही. टोकन ज्याचं, त्याचाच क्रमांक सर्व्हर स्वतः काढतो. सचिवांना सगळ्यांची बिलं पाहावी लागतात, तिथे मात्र क्रमांक येतो, आणि तो त्यांच्याच संस्थेचा आहे का हे पाहिलं जातं. प्रमाणपत्राची तपासणी चालू आहे, ती बंद करणारी ओळ कोडमध्ये ठेवलेलीच नाही, आणि प्रत्येक केंद्रावर एक जादा सेल ठेवलेला आहे. टोकन एक दिवस चालतं. नवीन मुलगा कामाला लागला की त्याला आधी एकच चाचणी लिहायला देतो: एका सभासदाचं टोकन घेऊन दुसऱ्याचं बिल माग, आणि नकार मिळाला तरच चाचणी यशस्वी समज. पूर्वी आमच्या सगळ्या चाचण्या बिल मिळतं का हे पाहायच्या. नकार मिळतो का, हे पाहणारी एकही नव्हती.

रोज सकाळी मी लॉगमधले ४०३ मोजतो. बहुतेक निरुपद्रवी असतात, कोणीतरी जुना पत्ता उघडलेला असतो. तरी प्रत्येक ओळ वाचतो.

मावशींच्या मुलीचं नर्सिंग पूर्ण झालं. संस्थेत आता सगळ्यांची बिलं मोबाइलवर जातात. दर दहा दिवसांनी एक बिल तेवढं छापलं जातं, घडी घालून पाकिटात जातं आणि मावशींच्या हातात दिलं जातं. ते मोबाइलवर घ्या, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही.